मोरीतली गळती

पूर्वी वाडा बांधायचा तर जागा, सागवान, चुना आणि नड भागवणारा सावकार लागायचा. 2005 च्या मे महिन्यात मी साताऱ्यात वाडा बांधायला काढला, तेव्हा माझं सगळं भांडवल म्हणजे 128 एमबी रॅमचा एक पीसी, इंजिनिअरिंगचा निकाल लागेपर्यंतचा मोकळा वेळ आणि हॅमर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. वाडा आमचाच. म्हणजे ज्या वाड्यात बसून मी तो बांधत होतो, तोच. फरक एवढाच की बांधून झाल्यावर त्यात दहा पोरं बंदुका घेऊन शिरणार होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा एक सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. लोक तिथे बायोडेटा छापायला येत आणि आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायला. हा खेळ मुळात कुठल्या कंपनीने केलेलाच नव्हता. मिन ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी 1999 मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्याच खेळावर कलम करून तो वाढवला आणि 2000 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो दुकानात आणला. त्यातला सगळ्यांत गाजलेला मॅप म्हणजे डस्ट. तोही इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका कोवळ्या पोराने घरी बसून केलेला. मग साताऱ्यातल्या पोराने काय घोडं मारलं होतं? बॉम्बवाल्या मॅपच्या नावाआधी 'डीई' लावायची रीत आहे. मी फाइलचं बारसं केलं: डीई_वाडा.

घरातल्या थोरांची परवानगी असावी म्हणून आजीला सांगितलं.

"आजी, आपला वाडा कॉम्प्युटरात बांधतोय."

"बरं करतोयस. इथलं छप्पर गळतंय, तिथलं तरी नीट घाल."

"त्यात एक टोळी बॉम्ब ठेवणार आणि दुसरी येऊन तो निकामी करणार."

"कुठे ठेवणार?"

"एक जागा कोठीची खोली. दुसरी देवघर."

आजीचा जप थांबला नाही, माळेचा वेग तेवढा वाढला. "देवघरात नाही हं. न्हाणीघरात ठेव म्हणावं."

अशा रीतीने आमची बी साइट न्हाणीघरात गेली. या निर्णयाचे परिणाम पुढे भोगावे लागले.

मी टेप घेऊन सगळा वाडा मोजला. सोप्यावरच्या बारा सुरूदार खांबांना हौसेने सोळा-सोळा बाजू दिल्या. माजघरातल्या कडीपाटाची एकेक कडी वेगळी घातली. आणि चौकातल्या तुळशीवृंदावनावर तर जीव ओवाळून टाकला. खाली चौथरा, वर अष्टकोनी बैठक, चारही अंगांना पणतीचे कोनाडे, कोनाड्यांना महिरपी, सगळ्यांत वर कुंडी आणि कुंडीला गोल कंगोरा. तुळशीच्या पानांची आणखी एक गंमत. या खेळाच्या इंजिनात टेक्श्चरच्या, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्राच्या, नावाची सुरुवात महिरपी कंसाने केली की त्यातला एक ठरावीक रंग आरपार होतो. महिरपीवर महिरपी कंस! साताऱ्यात हा विनोद कळणारा मी एकटाच होतो, त्यामुळे एकटाच हसलो.

मग मॅप चालू करून चौकात उभा राहिलो. चित्र सेकंदाला अकरा. मान वळवली की वाडा थोड्या वेळाने, विचार करून वळायचा.

कन्सोलमध्ये 'आर_स्पीड्स 1' असं लिहिलं की इंजिन या क्षणी किती पॉलिगॉन, म्हणजे बहुकोनी तुकडे, रंगवतंय याचा आकडा कोपऱ्यात येतो. जाणती मंडळी सांगत, या इंजिनात आठशेच्या आत राहा. माझा आकडा सव्वीसशे. त्यातले तीनशे चाळीस एकट्या तुळशीचे.

हा आठशेचा आकडा काय प्रकार आहे हे पंगतीवरून पटकन कळतं. पडद्यावरचं एक चित्र म्हणजे एक पंगत. खेळ लोण्यासारखा चालायचा तर सेकंदाला अशा साठ पंगती बसवून उठवायच्या. एका पंगतीला साडेसोळा मिलिसेकंद, फार तर वर एक चिमूट. आपलं डोळ्याचं पातं एकदा लवेपर्यंत पाच-सहा पंगती आचवून मोकळ्या झालेल्या असतात. ग्राफिक्स कार्ड हा वाढपी. गडी दणकट, पण त्याला एका पानासाठी एकदा मीठ आणायला धाडलं, एकदा लिंबू, एकदा चटणी, तर त्याचा सगळा जीव येरझाऱ्यांतच जातो. हल्लीचे गेमवाले या येरझारीला ड्रॉ कॉल म्हणतात आणि तिच्यावरून रात्र-रात्र भांडतात. सुगरण काय करते? परातभर भात एकदम हातात देते आणि सबंध रांगेला वाढून ये म्हणते. एकाच जातीचे शंभर दगड, एकाच फेरीत.

पण खरी उधळपट्टी याहून निराळी असते. जे पंगतीला आलेलेच नाहीत त्यांची पानं वाढणं. तुम्ही सोप्यावर उभे आहात, स्वयंपाकघर तीन भिंतींआड आहे, तरी इंजिन बापडं स्वयंपाकघरातली फळी, फळीवरचे डबे आणि डब्यांची झाकणं इमानेइतबारे रंगवतं आणि मग त्यावरून भिंत फासतं. आमचं संगणक खातं याला ओव्हरड्रॉ म्हणतं.

टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरमध्ये जॉन कारमॅकला हाच पेच पडला होता. क्वेक हा खेळ त्याला साध्या पेंटियमवर चालवायचा होता, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या आधाराविना. तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मायकेल ॲब्रॅशने पुढे सविस्तर लिहिलं आहे की किती तऱ्हा करून पाहिल्या आणि किती फसल्या. 1996 मध्ये खेळ आला तेव्हा त्यात जी युक्ती होती तिचं बीज बर्कले विद्यापीठात सेथ टेलरने 1992 च्या प्रबंधात पेरलेलं होतं. मॅपचे लहान लहान कप्पे करायचे. प्रत्येक कप्प्याची यादी आधीच करून ठेवायची, की इथून कुठले कुठले कप्पे दिसू शकतात. खेळ चालू असताना डोकं चालवायचं नाही, फक्त यादी वाचायची. या यादीचं नाव पोटेन्शियली व्हिजिबल सेट, लाडाने पीव्हीएस. यातला 'पोटेन्शियली' महत्त्वाचा. दिसतं असं नाही, दिसू शकतं. नुसता संशय आला तरी नाव यादीत. आमच्या गल्लीतही याद्या याच तत्त्वावर चालत. हाफ-लाइफचं इंजिन क्वेकच्याच पोटी जन्मलेलं, त्यामुळे काउंटर-स्ट्राइकला हा वारसा आपसूक मिळाला.

यादी करणारा प्रोग्राम म्हणजे व्हिस. तो रात्री जेवण झाल्यावर लावायचा आणि सकाळी उठून बघायचा. यात अडचण एकच होती. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमन जोरात होतं. पहिल्या रात्री व्हिस 91 टक्क्यांवर असताना लाइट गेली. दुसऱ्या रात्री 60 वर. तिसऱ्या रात्री मी लाइट जाण्याचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून मॉनिटरवर चिकटवलं आणि त्याप्रमाणे व्हिस लावला. त्या रात्री लाइट वेळापत्रकाला न जुमानता गेली.

अंधारात आजी म्हणाली, "काय करतं रे ते यंत्र रात्रभर?"

"कुठल्या खोलीतून कुठली खोली दिसते ते मोजतं."

"त्याला रात्र कशाला लागते? मला विचार की."

आणि कंदिलाच्या उजेडात, लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या डोक्यात पक्की बसलेली यादी आजीने म्हणून दाखवली. माजघराच्या उंबऱ्याशी बसलं की देवघर पूर्ण, स्वयंपाकघराची चूल, परसदाराची कडी आणि चौकातली अर्धी तुळस. सोप्यावरच्या पाहुण्याला माजघर दिसत नाही, पण माजघरातून पाहुण्याचे पाय दिसतात. चपलेवरून ओळखायचं चहा टाकायचा की नुसतं पाणी द्यायचं. न्हाणीघरातून काहीच दिसत नाही आणि कुठूनच न्हाणीघर दिसत नाही, तसंच बांधलंय. जिन्याच्या पाचव्या पायरीवरून शेजाऱ्यांची माडी दिसते, तिथे तुझे आजोबा उगाच थांबायचे.

मी चहाची गोष्ट सोडून सगळं लिहून घेतलं.

"आणि दोरीवर पातळं वाळत असली तर?" मी विचारलं.

"मग दिसत नाही. पण काय चाललंय ते कळतं."

इथे आजी इंजिनापेक्षा दोन पावलं पुढे होती. माझ्या मॅपमध्येही दोरीवर पातळं होती, पण त्या इंजिनात फक्त पक्क्या बांधकामाची भिंत नजर अडवते. दारं, पडदे, वाळत घातलेलं असं जे काही मागाहून लावलेलं असतं ते माणसाची दृष्टी अडवेल, व्हिसच्या हिशेबात मात्र ते हवेसमान. पातळामागे काय आहे ते तुम्हाला दिसत नसलं तरी इंजिन रंगवतच राहतं.

माझा एक मावसभाऊ गिरगावात होता. त्यानेही चुरशीने आपली चाळ बांधायला घेतली. त्याचा व्हिस विलक्षण वेगाने संपला, कारण निकाल सरळ होता: सगळ्यांना सगळं दिसतं. चाळीच्या गॅलऱ्या बांधणाऱ्याने नेमक्या त्याच हेतूने बांधल्या असाव्यात. त्याने प्रकल्प सोडून सीए केलं.

आमच्या वाड्याला मात्र निदान अक्कल होती. दिंडीतून आत आलं की देवडीला एक वळण होतं. ते संपेपर्यंत चौकाचं नखही दिसत नसे. मी शहाणपणा करून ते वळण मॅपमधून काढून टाकलं होतं, कारण सरळ पळायला बरं. परिणामी रस्त्यावर उभ्या असलेल्या खेळाडूच्या यादीत चौक, बारा खांब, कडीपाट आणि तुळस अशी सगळी वरात. आजीने पडदा पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "वळण कुठे गेलं?" वळण परत घातलं. आकडा सव्वीसशेवरून चौदाशेवर आला. खांब सोळा बाजूंवरून आठ बाजूंवर आणले, फरक कुणाला कळला नाही. हे इंजिन लांबलचक भिंतीचे ठरावीक अंतरावर तुकडे पाडतं, आणि टेक्श्चर ताणून मोठं केलं की तुकडे कमी पडतात. म्हणून मागल्या भिंतीवरची वीट मी पोत्याएवढी केली. बाराशे.

वळणाची ही विद्या जुनी आहे. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की अगदी समोर येईपर्यंत तो दिसत नाही. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला तो शत्रूला सरळ धावून येता येऊ नये आणि तोफेला नेम मिळू नये अशा बेताने. आठशे पॉलिगॉनांची अट घालून त्यांना कुणी काम दिलं असतं तरी दरवाजा तिथेच आणि तसाच आला असता. डस्टमध्येही पाहा, बॉम्बच्या एका जागेवर उभं राहून दुसरी दिसत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, वा, काय डावपेचाची रचना! अर्धं श्रेय डावपेचाचं, अर्धं यंत्राच्या दुबळेपणाचं.

माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीपाशी मात्र मी अडलो. तिला कायम कुलूप. आजीला विचारलं, आत काय दाखवू?

"ती काढू नकोस. तिथे काही नाही."

मी भिंतीवर दाराचं चित्र चिकटवलं. सगळा वाडा मिळून यापेक्षा स्वस्त खोली झाली नाही. दोन पॉलिगॉन.

आता गळतीविषयी. या इंजिनाचा मॅप हवाबंद असावा लागतो. बाहेर निव्वळ पोकळी आहे आणि तिचा वाराही आत लागता कामा नये. कुठे सुईएवढी फट राहिली की आत-बाहेर हा भेदच मिटतो. व्हिस चालायला नकार देतो, उजेडाचा हिशेब होत नाही आणि लॉगमध्ये मोठ्या अक्षरांत 'लीक' असा शब्द येतो. माझ्या लॉगमध्ये तो आला. तीन दिवस मी कौलं तपासली, आढं तपासलं, भिंतींचे सांधे तपासले. शेवटी सॉफ्टवेअरला फट दाखव म्हटलं. ते खेळाडूच्या पायापासून फटीपर्यंत एक रेषा काढून देतं. रेषा चौकातून निघाली, तुळशीला वळसा घालून बोळात शिरली, न्हाणीघरात गेली आणि मोरीच्या भोकातून बाहेर पडली. मी हौसेने मोरीला खरं भोक पाडलं होतं.

"गळती मोरीत आहे," मी जेवताना सांगितलं.

"तीस वर्षं सांगतेय," आजी बाबांकडे बघत म्हणाली. बाबांनी ताट बदललं.

गळतीवर एक सोपा उपाय असतो आणि तो महापाप समजला जातो: सगळ्या मॅपभोवती एक अवाढव्य पेटी बांधायची. गळती बंद, पण आता वाड्याची बाहेरची अंगं, कौलांची पाठ, भिंतींच्या मागल्या बाजू, सगळं 'आत' आलं आणि रंगवायच्या यादीत चढलं. छप्पर गळतं म्हणून साताऱ्यावरच मांडव घालण्यासारखं. मी ते पाप एक रात्र केलं. आकडा एकतीसशे झाला. सकाळी उठून निमूटपणे मोरी बुजवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅफेत उद्घाटन. पाच विरुद्ध पाच. मोरी बुजल्यावर एकट्याने फिरताना आकडा साडेसातशेच्या वर जात नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एकट्याच्या खेळात मॅपवाल्याला नायक कुठे उभा राहील, कुठे बघेल, सगळं ठाऊक असतं. सिनेमाच्या सेटसारखं तेवढंच रंगवून भागतं. दहा जणांच्या खेळात असं काही चालत नाही. दहा माणसं दहा दिशांना जातील असा हिशेब मांडावा, तर ती नेमकी एकाच जागी जमतात, आणि ती जागा म्हणजे मॅपमधली सगळ्यांत जड जागा. पहिल्याच फेरीत दहाही जण चौकात. तुळस, दहा अंगं, दहा बंदुका, धुराचा एक गोळा. दहा पीसी एकदम अडखळले. सर्व्हरलाही तीच यादी वापरायची असते: ज्याला जे दिसू शकतं त्याचीच खबर त्याला धाडायची. इथे सगळ्यांना सगळेच दिसत होते, म्हणून सगळ्यांच्या खबरी सगळ्यांना. चौकात एक प्रकारचं सामूहिक ध्यान लागलं. त्यात ज्याच्यापुढे कॅफेतला एकमेव बरा पीसी होता त्याने सावकाश फिरून नऊ जणांना गोळ्या घातल्या.

यंत्र चांगलं त्याची सरशी, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं. 1999 च्या क्वेक थ्रीमध्ये तर आकडेमोडीतल्या पूर्णांकांच्या गफलतीने सेकंदाला 125 चित्रं काढणाऱ्याची उडी साठवाल्यापेक्षा उंच जायची. गुरुत्वाकर्षणसुद्धा ग्राफिक्स कार्ड बघून.

"ती तुळस काढ," पोरांचं एकमत झालं. "नाहीतर डबा ठेव तिथे."

आजी घरात असताना चौकात तुळशीच्या जागी डबा? मी मॅपच सोडून दिला. आणि नंतर कित्येक वर्षं, गेम करणाऱ्या जगातला सगळ्यांत मोठा मूर्ख मीच, असं समजत राहिलो.

मग 2014 साली नाओकी योशिदांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये कुंडीची कथा सांगितली.

फायनल फँटसी चौदा हा हजारो लोकांनी एकत्र खेळायचा जपानी खेळ 30 सप्टेंबर 2010 ला आला आणि आल्या-आल्या झोपला. चित्रं देखणी, पण चालेना. डिसेंबरात योशिदांकडे सूत्रं आली. त्यांनी पाहिलं तर बाजूला ठेवलेल्या एका साध्या फुलाच्या कुंडीत हजार पॉलिगॉन आणि दीडशे ओळींचा शेडर, म्हणजे रंग-उजेड ठरवणारा प्रोग्राम. अख्ख्या खेळाडूच्या शरीराला जेवढा ऐवज, तेवढाच कुंडीला! बरं, खेळाडूसाठी तरी कुणी डोळे लावून बसतं. कुंडीपुढून लोक घोड्यावरून जातात. या थाटापायी पडद्यावर वीसेक माणसांपलीकडे मावेनात. लग्नात मंडपाचा खर्च एवढा झाला की वऱ्हाड वीसच बोलवा, तसं.

योशिदांच्या चमूने कुंडी दुरुस्त केली नाही. त्यांनी जग बुडवलं. 11 नोव्हेंबर 2012 ला जुने सर्व्हर बंद होताना आकाशातून एक चंद्र खाली आणला, त्यातून बहामूट नावाचा ड्रॅगन निघाला आणि त्याने सगळी सृष्टी जाळली. ऑगस्ट 2013 मध्ये नवं जग आलं, नव्या इंजिनावर, बेताच्या कुंड्या घेऊन. आपल्याकडे मनूपासून प्रलयाची बरीच कारणं नोंदवलेली आहेत. कुंडी त्यांत नव्हती.

हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसातून घरी फोन करून आजीला सांगितलं की जपानात एवढ्या मोठ्या माणसांचंही कुंडीपायी वाटोळं झालं. ती म्हणाली, "पाणी जास्त घातलं असेल."

योशिदा मंडळींनी धडा इतका घोकला की डिसेंबर 2021 मध्ये त्याच खेळाच्या नव्या भागात द्राक्षं आली ती थेट खडीसाखरेच्या कोनांची. नाशिककराने पाहिली असती तर विमा कंपनीला फोन केला असता. लोक खो-खो हसले, द्राक्षांच्या प्रेमातच पडले. नंतर कंपनीने द्राक्षं गोल केली, तर त्याच लोकांनी शोक पाळला. याच्या अगदी उलट 2023 च्या सिटीज: स्कायलाइन्स दोनमध्ये. तो एकट्याने शहर वसवायचा खेळ. ढगातून बघताना मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांच्या बंद तोंडात दात कोरलेले निघाले. दूरचं माणूस ढोबळ काढावं, जवळ येईल तसतसं रेखीव करत जावं, ही लेव्हल ऑफ डिटेलची कल्पना जेम्स क्लार्कने 1976 मध्ये मांडलेली. आमचे आजोबा वेशीवरून येणारा माणूस चालीवरून ओळखायचे. दात त्यांनी कधीच मोजले नाहीत, स्वतःचे सोडून.

माझा पुतण्या हल्ली फोनवर बीजीएमआय खेळतो. शंभर माणसं आणि आठ बाय आठ किलोमीटरचं बेट, तेही खिशातल्या यंत्रावर, जे तापलं की स्वतःचाच वेग कमी करून घेतं. परवा तो सोफ्यावर श्वास रोखून बसला होता.

"काका, बोलू नका. गवतात झोपलोय. कुणालाच दिसत नाहीये."

मी म्हटलं, "बाळा, गवत तुझ्या फोनवर आहे."

"म्हणजे?"

तेवढ्यात तो मेला.

गवत हा प्रकार वाढप्याच्या जिवावर उठणारा. एकेक पातं आरपार, एकावर एक शंभर थर, आणि हात लावायला एकही ठोस नाही. म्हणून लांबचं गवत काढतच नाहीत. तुमच्याभोवती कमरेइतकं रान असतं. अर्ध्या किलोमीटरवरच्या बंदूकवाल्याच्या पडद्यावर त्याच जागी गुळगुळीत टेकडी असते आणि तिच्यावर तुम्ही, ताटातल्या पुरीसारखे. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा निदान डोळे तरी मिटतं. इथे डोळे सताड उघडे, समोर गवतच गवत, आणि जगाला मात्र तुमची पाठ. मुरलेले खेळाडू तर मुद्दाम चित्राची प्रत खालची ठेवतात. गरिबीचं सोंग घेऊन जास्त दिसतं.

उलट दिशेचा बंदोबस्त 2020 च्या व्हॅलरंटमध्ये आहे. भिंतीपलीकडचा शत्रू पडद्यावर रंगवला नाही तरी त्याचा ठावठिकाणा तुमच्या यंत्रात आलेला असतो, आणि चोरटे प्रोग्राम तो वाचून भिंतीपलीकडे बघतात. रायट कंपनीने सर्व्हरलाच सांगितलं: शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत त्याची खबरच देऊ नकोस. जे ठाऊकच नाही ते फुटणार कसं? आमच्या आजीचं धोरण. माडीवरच्या खोलीविषयी तिने आईलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्याला जुनी सीडी सापडली. तीवर डीई_वाडा होता. त्याने लॅपटॉपवर चालवला. वाडा लख्ख पळाला. आकडा सेकंदाला शंभरवर जाऊन चिकटला, कारण त्या खेळात मर्यादाच शंभरची घातलेली असते. तुळस तीनशे चाळीस पॉलिगॉनांसकट डौलात उभी. पातळं वाळतायत. न्हाणीघरातली मोरी बुजवलेली.

पुतण्या माडीवर चढला आणि कोपऱ्यातल्या दारावर धडका द्यायला लागला.

"हे उघडत नाही का काका?"

"चित्र आहे ते. मागे काही नाही."

"खऱ्या वाड्यात काय होतं?"

"तिथेही काही नाही, म्हणायची आजी."

त्याने कन्सोल उघडून चीट लावले, 'नोक्लिप' लिहिलं आणि दारातून आरपार मागच्या पोकळीत गेला. या इंजिनाची एक खोड आहे. तुम्ही मॅपच्या बाहेर, बांधकामाच्या पल्याड गेलात की त्याच्यापाशी तुमच्या जागेची यादी नसते, आणि यादी नसली की ते घाबरून सगळंच्या सगळं रंगवून टाकतं. भिंतींना पाठीकडून रंगही नसतो, त्या नजरेला अडवत नाहीत. पुतण्याने मान फिरवली.

"काका, इथून तर सगळा वाडा दिसतोय! सोपा, माजघर, स्वयंपाकघर, खाली दिंडीतला माणूस..."

मी चष्मा लावून जवळ गेलो.

"...मोरीसुद्धा."